पर्समध्ये मावेल असं पिस्तूल

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी डिशवॉशर भरत असताना उल्का म्हणाली, "प्रसन्न, मला पिस्तूल घ्यायचंय."

मला वाटलं रेवाच्या शाळेत नाटकबिटक असेल. रेवा आमची मुलगी, पंधरा वर्षांची. मी म्हटलं, "ॲमेझॉनवर बघ की."

"खरं पिस्तूल. रेंजवर नेमबाजी करायला. कॉलेजात एनसीसीत मी रायफल चालवायचे, विसरलास का?"

विसरलो नव्हतो. नागपूरला तिच्या माहेरी शोकेसमध्ये तिने नेमबाजीत जिंकलेला कप अजून आहे. पण त्या गोष्टीला वीस-बावीस वर्षं झाली होती. मधल्या काळात ती भूलतज्ज्ञ झाली, माझ्याशी लग्न करून पुण्याला आली आणि मग आम्ही तिघं आयर्लंडमधल्या लिमरिकला आलो. ती इथल्या हॉस्पिटलात, मी एका सॉफ्टवेअर कंपनीत. इथल्या अकरा वर्षांत तिने कधी बंदुकीचं नाव काढलं नव्हतं.

तरी मला बरं वाटलं. दिवाळीपासून ती गप्प गप्प होती. ऑक्टोबरात सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये घसरून पडली आणि उजवं मनगट मुरगळलं, त्यामुळे दोन आठवडे काम बंद होतं. ते मनाला लागलं असेल, असं मी समजत होतो. आता काहीतरी छंद शोधतेय म्हटल्यावर मी लगेच लॅपटॉप उघडला. मी कुठल्याही गोष्टीची सुरुवात एक्सेल शीटने करतो. गाडी घेतली तेव्हा केली होती, रेवाची शाळा ठरवताना केली होती. पिस्तुलासाठीही केली. वजन, नळीची लांबी, ट्रिगर, किंमत. शीट उल्कालाही शेअर केली आणि म्हटलं, तुला हवे ते रकाने घाल.

माझा इंजिनिअरिंगचा मित्र इंद्रनील ह्यूस्टनला असतो. त्याच्याकडे दोन पिस्तुलं आहेत. त्याला व्हिडिओ कॉल लावला तर तो खुर्चीत सरसावूनच बसला.

"वहिनी, सरळ कॉम्पॅक्ट घ्या. अगदी चिमुकलं घेतलंत तर रेंजवर हाताला झटके बसतात, नेम लागत नाही. मोठं घेतलंत तर लपत नाही. मधलं घ्या. रेंजलाही चालतं आणि कधी सोबत न्यायचं झालं तर नेताही येतं."

"अरे, इथे सोबत न्यायचा प्रश्नच नाही," मी म्हटलं. "आयर्लंड आहे हे. स्वतःच्या रक्षणासाठी म्हणून परवानाच देत नाहीत. फक्त खेळासाठी. तेही पॉइंट टू-टूच, म्हणजे अगदी बारीक गोळीचं. घरून क्लबात न्यायचं, क्लबातून घरी आणायचं आणि तिजोरीत टाकायचं."

"मग काय उपयोग?" म्हणून इंद्रनील हसला. मीही हसलो.

उल्का हसली नाही. तिने विचारलं, "लपवायचं म्हणजे बायका कुठे ठेवतात?"

तो सांगत बसला. कमरेला कसं लावतात, जॅकेट कुठलं घालतात, पर्समध्ये वेगळा कप्पा कसा असतो आणि पर्समधलं किती धोक्याचं, कारण पर्स कुणीही ओढून नेतो. उल्का लक्ष देऊन ऐकत होती. मला वाटलं, कुतूहल. तिला सगळ्याच गोष्टींचं असतं.

क्लब आमच्या घरापासून चाळीस मिनिटांवर होता, एका बंद पडलेल्या दगडखाणीत. लक्ष्यांच्या मागे मातीचे उंच बांध, समोर पत्र्याचं छप्पर आणि बाजूला एक पोर्टाकेबिन. त्यात किटली, बिस्किटांचा डबा आणि कायम ओला वास. तिथला सेक्रेटरी मॉसी हार्टिगन सत्तरीचा होता. आयुष्यभर दुधाचा टँकर चालवलेला. नवीन माणसांना तोच शिकवायचा. पहिल्याच दिवशी त्याने उल्काला तासभर एकही गोळी झाडू दिली नाही. नळी कुठे रोखायची, बोट कुठे ठेवायचं, पिस्तूल रिकामं आहे हे दुसऱ्याला कसं दाखवायचं, एवढंच.

उल्का दर रविवारी जायला लागली. मी ड्रायव्हर म्हणून जायचो आणि पोर्टाकेबिनमध्ये बसून चहा प्यायचो. रायफल पोटावर झोपून मारायची असते, इथे एका हाताने उभ्याने. पहिले दोन रविवार तिच्या गोळ्या कागदाच्या कडेलासुद्धा लागल्या नाहीत. ऑपरेशन थिएटरमध्ये तान्ह्या बाळाची शीर पहिल्या फटक्यात शोधणारा हात तो, आणि पिस्तूल धरलं की नळीचं टोक डुगडुगायचं. पण ख्रिसमसपर्यंत ती सावरली. काळ्या वर्तुळात तीन, मग पाच. एकदा इअरमफ काढून माझ्याकडे वळली तेव्हा गाल लाल झाले होते. थंडीनेही असतील, पण कित्येक महिन्यांनी तिला असं पाहिलं.

मॉसी मात्र एकदा म्हणाला, "डॉक्टर, हात ग्रँड आहे तुमचा. डोकं कुठे असतं?"

ती नुसती हसली.

जानेवारीत तिने परवान्याचा अर्ज भरायला घेतला. इथे पोलिसांना गार्डा म्हणतात, अर्ज त्यांच्याकडे जातो. सोबत क्लबचं पत्र लागतं, दोन ओळखीच्या माणसांची नावं लागतात आणि फॅमिली डॉक्टरकडे चौकशी करायची परवानगी लागते. क्लबचं पत्र मॉसी देणार होता. कुठलं पिस्तूल हेही अर्जात लिहायचं असतं, म्हणून मी माझी शीट छापून नेली. तीन पानं, रंगीत. मला जरा अभिमानच होता त्याचा.

पोर्टाकेबिनमध्ये आम्ही तिघंच होतो. मॉसीने चष्मा लावला आणि एकेक ओळ वाचायला लागला. दुसऱ्या पानावर त्याचं बोट थांबलं.

"डॉक्टर," तो म्हणाला, "तीस वर्षं झाली मला इथे. लोक नळीची लांबी विचारतात. ट्रिगर किती हलका आहे ते विचारतात. पिस्तूल जाड किती आहे, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."

उल्काने चहाचा कप बाजूला सारला.

"आणि हा रकाना. 'काळी बॅग, हो की नाही.' ही काळी बॅग कुठली?"

"रेंजवर आणायची बॅग असेल," मीच म्हटलं. तो रकाना तिने घातला होता. मी पाहिला होता, पण विचारलं नव्हतं.

शेजारच्या खुर्चीवर उल्काची पर्स होती. हॉस्पिटलात रोज नेते ती. काळी. मॉसीने त्या पर्सकडे पाहिलं, मग मी पाहिलं. उल्काने हात लांबवून ती मांडीवर घेतली आणि माझ्याकडे वळून मराठीत बोलायला लागली. त्या खोलीत आम्ही दोघंच असल्यासारखी.

"मी घसरले नव्हते, प्रसन्न. ढकललं मला."

"कुणी?"

"माहीत नाही. रविवार होता. तू रेवाला स्विमिंगला घेऊन गेला होतास. मी पिशव्या डिकीत ठेवत होते आणि बाजूला एक पांढरी व्हॅन येऊन थांबली. तिघं होते. तिशीतले असतील. एकाने आधी पिशवी लाथाडली. मी म्हटलं, एक्स्क्यूज मी. एक्स्क्यूज मी म्हटलं बाप्पा मी त्यांना! तर दुसऱ्याने खांद्याला धरून ढकललं. म्हणाला, जिथून आलीस तिथे चालती हो. तिसरा फोनवर शूटिंग करत होता. दुपारचे चार वाजले होते. माणसं होती आजूबाजूला. सगळी बघत होती."

"आणि तू मला सांगितलंस की..."

"हो. पाऊस पडला होता, सोपं होतं सांगायला."

मॉसीला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण त्याने किटली चालू केली आणि बाहेर निघून गेला. पाच-सात मिनिटांनी परत आला तेव्हा उल्काने त्याला इंग्रजीत सगळं सांगितलं, केस-हिस्टरी सांगतात तसं, एकही शब्द न अडखळता. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही.

मग म्हणाला, "पत्र मी आज देऊ शकत नाही. बॅगेत भरलेलं पिस्तूल सापडलं तर परवाना जाईल, तुमची डॉक्टरी जाईल, कदाचित तुरुंगातही जाल. आणि युअर मॅन, ज्याने ढकललं तो, घरी बसून मॅच बघत असेल."

"नियम माहीत आहे मला," उल्का म्हणाली. "सगळा वाचला आहे."

"वाचला असणारच." त्याने तिच्यापुढे चहा ठेवला. "रविवारी येणं मात्र सोडू नका. ते पत्राशिवाय चालतं."

परत येताना गाडी मी चालवत होतो आणि मला नीट चालवता येत नव्हती. एका ठिकाणी शेताच्या फाटकापाशी थांबवली. मला त्या माणसांचा राग होता, उल्काचा होता, स्वतःचा तर होताच. त्या रविवारी संध्याकाळी मीच तिच्या मनगटाला पट्टी बांधली होती आणि वर म्हटलं होतं, जरा बघून चालत जा.

"गेले खड्ड्यात नियम," मी म्हटलं. "मॉसी नाही तर दुसरा क्लब बघू. मी देतो लिहून काय हवं ते. तू ठेव पर्समध्ये."

आयुष्यात कधी पार्किंगचा दंडसुद्धा भरावा न लागलेला माणूस मी. माझंच वाक्य मला दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं.

उल्का खिडकीबाहेर बघत होती. "मी करून पाहिलं ते."

"काय?"

"घरी. तुम्ही दोघं नसताना. टीव्हीचा रिमोट पर्समध्ये टाकला, आरशासमोर उभी राहिले आणि बाहेर काढायची प्रॅक्टिस केली. चेन उघडायची, हात घालायचा, किल्ल्या आणि स्टेथो बाजूला सारायचे. चार सेकंद लागायचे. खूप सराव केला तेव्हा तीन. आणि त्याने ढकललं, ते किती वेळात झालं असेल? मी खाली पडल्यावर मला कळलं की ढकललं. त्या वेळी पर्स गाडीखाली होती."

"मग तरीही का?"

"कारण रिमोट पर्समध्ये असताना बरं वाटायचं. एकदा तर तसाच घेऊन गेले हॉस्पिटलात."

त्या दिवशी रिमोट सापडत नव्हता म्हणून मी रेवाला रागावलो होतो. ते आठवून मला हसू आलं, उल्कालाही आलं, आणि मग ती रडायला लागली. तीन महिन्यांचं रडणं होतं. मी तिचा हात धरून बसलो. एक ट्रॅक्टरवाला बाजूने जाताना थांबला, सगळं ठीक ना म्हणून विचारलं, आणि आम्ही मान हलवल्यावर पुढे गेला.

घरी आल्यावर उल्का म्हणाली, रेवाला सांगायचं. मला पटत नव्हतं. मुलगी बसने एकटी जाते-येते, उगाच घाबरेल. उल्का म्हणाली, "म्हणूनच."

रेवा नूडल्स खात होती. उल्काने मराठीत, थोडक्यात सांगितलं. रेवाने काटा खाली ठेवला.

"मम," ती म्हणाली, "इट हॅपन्ड टू मी टू. ऑन द बस."

मग तिच्या त्या लिमरिकच्या इंग्रजीत, टेबलाकडे बघत, तिने सांगितलं. नोव्हेंबरात एक माणूस तिच्या मागच्या सीटवर येऊन बसला. तिचे हेडफोन ओढून काढले आणि तिच्या कानात काय काय बोलला. ती दोन स्टॉप आधी उतरली. त्या दिवसापासून ती बसने येतच नव्हती. रोज पन्नास मिनिटं चालत येत होती. आम्हाला सांगितलं होतं की फिटनेससाठी. मी तिला नवे बूट घेऊन दिले होते त्यासाठी.

"बट यू वेअर ऑल्रेडी सॅड, मम," ती म्हणाली. "आय डिडन्ट वॉन्ट टू मेक इट वर्स."

मला घरात जे सांगितलं जातं त्यावर मी विश्वास ठेवतो. त्या दिवसापर्यंत मला तो माझा गुण वाटायचा.

मंगळवारी आम्ही तिघं गार्डा स्टेशनला गेलो. ओर्ला नावाच्या एका तरुण महिला गार्डाने दोघींचे जबाब वेगवेगळे लिहून घेतले. रेवाच्या वेळी उल्का सोबत बसली. मी बाहेरच्या बाकावर बसून हरवलेल्या कुत्र्यांची पोस्टरं वाचत होतो. ओर्लाने स्पष्टच सांगितलं की फार उशीर झालाय, सुपरमार्केटचं आणि बसचं, दोन्हीकडचं चित्रण पुसलं गेलं असणार. तसंच निघालं. पण ती सुपरमार्केटमध्ये जाऊन चौकशी करून आली आणि आठवड्याने तिचा फोन आला.

तिथे ब्रीडा नावाची एक बाई कॅश काउंटरवर असते. तिने त्या दिवशी काचेतून पाहिलं होतं. गिऱ्हाईक तसंच सोडून ती बाहेर धावली होती, पण ती पोहोचेपर्यंत व्हॅन निघाली होती आणि उल्कासुद्धा गाडी काढून गेली होती. ब्रीडाने व्हॅनचा नंबर एका बिलाच्या मागे लिहून ठेवला होता. कुणीतरी विचारायला येईल म्हणून तो कागद तिने जपून ठेवला होता. कुणी आलंच नाही.

नंबर घाईत लिहिलेला, दोन आकडे वाचता येत नव्हते. ती व्हॅन आजतागायत सापडलेली नाही. पण उल्का ब्रीडाला भेटायला गेली. काय बोलल्या मला माहीत नाही, मी रेवाबरोबर भाजी घेत होतो. परत आली तेव्हा एवढंच म्हणाली, "मी मागे वळून बघितलंच नव्हतं रे. सगळी नुसती बघत होती असं मीच धरून चालले होते."

रविवार सोडले नाहीत तिने. मार्चमध्ये एकदा तिने मॉसीला पुन्हा पत्राचं विचारलं.

"आता कशाला हवंय?" त्याने विचारलं.

"मधलं दहा गुणांचं वर्तुळ सापडत नाही म्हणून. क्लबचं पिस्तूल माझ्या हाताला मोठं पडतं. आणि सोमवारपासून मी रविवारची वाट बघते."

मॉसीने चष्मा लावला. मग टेबलाच्या ड्रॉवरमधून क्लबचं लेटरहेड काढलं.

पिस्तूल निवडायला आम्ही एका दुकानात गेलो. मॉसी सोबत आला. या वेळी माझ्याकडे कागद नव्हता. दुकानदाराने एकेक करून पाच-सहा काचेवर मांडली. पहिलं छोटं, आटोपशीर, आधीच्या यादीत पहिल्या नंबरवर असलेलं. उल्काने ते उचललं, तळव्यात बसवलं. मी श्वास रोखला होता, खोटं कशाला बोलू. तिने ते खाली ठेवलं. "टोक फार हलतं," म्हणाली. मग दुसरं, तिसरं. शेवटी लांब नळीचं, लाकडी मुठीचं एक घेतलं. किलोभर वजनाचं, लांबलचक, पेटीतच ठेवावं लागेल असं. डोळे मिटून हात पुढे केला, डोळे उघडले, नेम कुठे आलाय ते पाहिलं. पुन्हा मिटले. असं पाच वेळा केलं.

"हे," ती म्हणाली. "मूठ मात्र मोठी आहे."

"मूठ लाकडाची आहे," मॉसी म्हणाला. "कानस कशाला असते?"

परवाना यायला जूनचा मध्य उजाडला. त्याआधी तिजोरी बघायला घरी आली ती ओर्लाच. जिन्याखालच्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, आम्ही ती भिंतीला बोल्ट मारून बसवली होती. ओर्लाने ती दोन्ही हातांनी हलवून पाहिली, घराचा अलार्म वाजवून पाहिला, मग चहा घेतला आणि नागपुरी चिवड्याच्या दोन वाट्या खाल्ल्या. अर्जातलं कारण तिने उल्काला तोंडी विचारलं. उल्काने उत्तर दिलं आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काय मनात होतं, मग काय झालं, तेही न विचारता सांगून टाकलं. ओर्लाने सगळं लिहून घेतलं. म्हणाली, "निर्णय सुपरिंटेंडंट घेतात. पण बरं झालं सांगितलंत."

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. उल्का अजून दुकानाच्या दाराजवळच गाडी लावते, जागा नसेल तर चकरा मारते. कधी एकटी असली की मला फोन करते आणि डिकी बंद होईपर्यंत काहीबाही बोलत राहते. रेवा एप्रिलपासून पुन्हा बसने येते, पण ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून.

मॉसीने ती मूठ तीन रविवार घासली. थोडं घासायचा, उल्काच्या हातात द्यायचा, अंगठ्याखाली बोट घालून बघायचा, परत घासायचा. ऑगस्टमध्ये क्लबची स्पर्धा झाली. अकरा जण होते. उल्का सातवी आली. शेवटच्या दोन गोळ्यांपर्यंत ती चौथी होती. मग घाई केली आणि दोन्ही सहाच्या वर्तुळात गेल्या. मॉसी म्हणाला, ग्रँड, पहिल्या वेळेला ग्रँड. तिला ते मुळीच पटलं नाही. घरी येईपर्यंत चाळीस मिनिटं ती त्या दोन गोळ्यांबद्दलच बोलत होती, श्वास कुठे सोडला, ट्रिगर कुठे ओढला, वारा होता की नव्हता. मला त्यातलं निम्मंच कळलं. मी मध्ये मध्ये हूं म्हणत गाडी चालवत राहिलो.